डॉक्टर नव्हे, पण डॉक्टरांसोबत

(दहावी १९९९ बॅचच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



सकाळपासून आपण सगळे एकमेकांना ओळखण्याचा प्रयत्न करतोय. काहींचे केस गेलेत, काहींचे चष्मे आलेत, आणि 'अ' तुकडीतले काही जण अजूनही 'ब' तुकडीकडे त्याच नजरेनं बघतायत. जेवणानंतरच्या वेळेत संयोजकांनी मला उभं केलंय, म्हणजे निम्मा वर्ग डुलक्या घेणार हे गृहीत धरूनच मी बोलते. आठवीत दुपारच्या भूगोलाच्या तासाला हेच व्हायचं.

संयोजकांनी मला विषय दिला तो असा: "तू नक्की काय करतेस ते एकदा नीट सांग." गेली चार वर्षं आपल्या ग्रुपवर कुणी मला 'डॉक्टर' म्हणतं, कुणी 'सिस्टर', एकानं वाढदिवसाला 'आमच्या कंपाउंडर मॅडम' असं लिहिलं होतं. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. शब्दच ओळखीचा नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार. तर आज सांगते. मी फिजिशियन असिस्टंट आहे. अलीकडे फिजिशियन असोसिएट असंही म्हणतात. माझं काम हृदयशस्त्रक्रिया विभागात आहे.

एका वाक्यात सांगायचं तर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि त्यांच्या जबाबदारीवर, वैद्यकीय कामाचा ठरवून दिलेला भाग करणारी प्रशिक्षित व्यक्ती म्हणजे फिजिशियन असिस्टंट. मी डॉक्टर नाही. स्वतंत्र दवाखाना टाकू शकत नाही, स्वतःच्या नावानं औषध लिहून देत नाही, निदानाचा शेवटचा शब्द माझा नसतो. पण मी परिचारिकाही नाही. त्यांचं शिक्षण वेगळं, काम वेगळं, आणि ते माझ्या कामापेक्षा हलकं मुळीच नाही.

माझा दिवस सकाळी सातला आयसीयूत सुरू होतो. काल ऑपरेशन झालेल्या पेशंटची रात्र कशी गेली, लघवी किती झाली, छातीतल्या नळीतून रक्त किती आलं, ताप आहे का, रिपोर्ट काय आलेत, हे सगळं बघून सर्जनसाहेब राउंडला येण्याआधी मी मांडून ठेवते. मग दुसऱ्या दिवशी ज्याचं ऑपरेशन आहे त्याच्याकडे जाते. त्याची सगळी हकिगत घ्यायची. रक्त न गोठण्याची गोळी चालू आहे का, ती कधी बंद केली, साखरेची औषधं कोणती, दात किडलेले आहेत का, आधी कुठलं ऑपरेशन झालंय का. हे पाच मिनिटांत होत नाही. आपली माणसं पहिल्यांदा विचारलं की "काही नाही, सगळं नॉर्मल आहे" म्हणतात. तिसऱ्यांदा विचारलं की मग पिशवीतून गोळ्यांची पाकिटं निघतात, आणि त्यातच एक गावच्या वैदूची पुडीसुद्धा असते.

मग ऑपरेशन. बायपास करताना पायातली शीर काढून हृदयाला जोडतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आता घरातच बघितलं असेल. ती शीर काढण्याचं काम आमच्याकडे मी करते. सर्जन छातीकडे असतात, मी पायाकडे. शीर कुठं ओढली जाता कामा नये, तिच्या बारीक फांद्या एकेक बांधायच्या, कारण तीच शीर पुढे त्या माणसाच्या हृदयाला रक्त देणार असते. बरं झालेला पेशंट तिसऱ्या दिवशी मला हमखास विचारतो, "मॅडम, दुखणं छातीचं आणि टाके पायाला कसे?" ते समजावून सांगणं हाही कामाचाच भाग.

आता मी इथवर आले कशी, ते सांगते. कारण आज समोर बसलेल्यांची मुलं दहावी-बारावीत आहेत आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

१९९९ला आपण इथून बाहेर पडलो. मी आरवायके कॉलेजला सायन्स घेतलं. त्या काळी पंच्याऐंशी टक्क्यांच्या पुढची मुलगी म्हटली की घरानं, गल्लीनं आणि मावशीनं मिळून तिला डॉक्टर ठरवून टाकलेलं असायचं. माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, हे तुम्हाला माहीत आहे. रोज लाखोंच्या नोटा डोळ्यांसमोरून जायच्या आणि घरी येताना खिशात बसचे सुटे पैसे. सीईटीचे गुण आले तेव्हा सरकारी कॉलेजात एमबीबीएसला जागा मिळण्याइतके ते नव्हते. खासगी कॉलेजची फी आमच्या घराच्या किमतीएवढी होती. बाबांनी ते घर गहाण ठेवायची तयारी दाखवली होती. मी नाही म्हटलं. धाकटा भाऊ तेव्हा आठवीत, याच शाळेत, होता.

तुम्ही म्हणाल, आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर १९९८लाच आपल्या नाशकात आलं. आलं होतं, आणि म्हसरूळकडे जाताना त्याची मोठी इमारत बघून आजही मला अभिमान वाटतो. पण विद्यापीठ शेजारी असलं म्हणून आपल्याला हवी ती वाट शेजारून जाते असं नाही. शेजारच्या काकांचं हृदयाचं ऑपरेशन चेन्नईला झालं होतं. त्यांच्या मुलानं तिथून एक माहितीपत्रक आणलं. त्यात हा अभ्यासक्रम होता. चार वर्षं, शेवटचं वर्ष पूर्ण रुग्णालयात. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे शेवटी तू कोण होणार?" ते उत्तर तेव्हा मलाही नीट देता येत नव्हतं.

हा व्यवसाय आला कुठून, तेही थोडं सांगते. १९६५ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पहिला वर्ग सुरू केला. विद्यार्थी किती? चार. चौघेही नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम करून आलेले. युद्धात, जहाजावर त्यांनी जखमी सांभाळले होते, हातात कौशल्य होतं; पण घरी परतल्यावर त्या कौशल्याला कुठला दाखलाच नव्हता. दुसरीकडे डॉक्टर कमी पडत होते. स्टेड यांनी दोन गरजा एकत्र बांधल्या आणि दोन वर्षांचं शिक्षण आखलं. १९६७ला त्यातले तिघं उत्तीर्ण झाले.

आपल्या देशात ही कल्पना १९९२ला चेन्नईत आली, मद्रास मेडिकल मिशनमध्ये, डॉ. के. एम. चेरियन यांच्यामुळे. १९७५ला भारतातली पहिली बायपास शस्त्रक्रिया करणारे ते हेच. हृदयशस्त्रक्रियेसाठी सर्जन तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आणि शिकाऊ डॉक्टर दर काही महिन्यांनी बदलतात. त्या विभागातच कायम राहील, तिथली पद्धत हाताला बसलेली असेल, असं माणूस हवं होतं. म्हणून आजही आपल्याकडे फिजिशियन असिस्टंट सगळ्यात जास्त दिसतात ते हृदयविभागात.

तर २००१च्या जुलैत दादरहून चेन्नईची गाडी पकडली. आईनं डब्यात दिलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरल्या, त्यानंतर चार वर्षं भात.

पहिलं वर्ष शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. दुसऱ्या वर्षी रोग कसे होतात आणि औषधं कशी काम करतात. तिसऱ्या वर्षी मेडिसिन, सर्जरी, आणि मग एकेक विभाग. विषयांची नावं एमबीबीएससारखीच, पण खोली आणि व्याप्ती त्यापेक्षा कमी, हे मी मोकळेपणानं सांगते. आमचा भर होता पेशंटपाशी काय करायचं यावर. हकिगत घेणं, तपासणं, नोंद करणं, टाके घालणं, नळी बसवणं, ईसीजी वाचणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरच्या डॉक्टरांना कधी उठवायचं हे ओळखणं. प्रत्येक कृती किती वेळा केली, कुणाच्या देखरेखीखाली केली, हे वहीत लिहून त्यावर सही घ्यायची. सही नसेल तर केलेलं काम मोजत नसत.

तिथं मला आपली शाळा उपयोगी पडली. हे मी भाषणासाठी म्हणत नाहीये. विज्ञानाच्या बाई इथं पुढच्या रांगेत बसल्यात. बाई, तुम्ही आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा दाखवला होता. आम्ही सगळ्यांनी न बघताच पुस्तकातली आकृती काढली होती. तुम्ही अख्ख्या वर्गाच्या प्रयोगवह्या परत केल्यात आणि म्हणालात, "दिसलं ते काढा. दिसायला हवं होतं ते काढू नका." पेशंटचा कागद लिहिताना मी आजवर यापेक्षा चांगला नियम ऐकलेला नाही. आणि मराठीच्या बाई, तुमचं सारांशलेखन! उताऱ्याचा एकतृतीयांश करा, महत्त्वाचं काही सोडू नका, स्वतःचं काही घालू नका. मी आज रोज चार-पाच सारांश लिहिते. त्याला डिस्चार्ज कार्ड म्हणतात.

शिक्षण संपलं, आणि त्यानंतर जरा कठीण काळ सुरू झाला. चेन्नईत आम्हाला सगळे ओळखत होते. महाराष्ट्रात परत आले तर पदवीचं नावच कुणाला ठाऊक नाही. एका शहरात, शहराचं नाव राहू दे, एका रुग्णालयात मी रुजू झाले. पगाराच्या कागदावर माझं पद लिहिलं होतं 'टेक्निशियन', कारण त्यांच्या यादीत दुसरा रकाना नव्हता. तेही चाललं असतं. पण काही महिन्यांनी मला सांगण्यात आलं की रात्री डॉक्टर नसतील तेव्हा वॉर्डातली औषधं मीच लिहायची आणि खाली डॉक्टरांचं नाव टाकायचं. "तुला येतं की सगळं," असं कौतुकानं सांगितलं. येत होतं, हेही खरं. पण येणं वेगळं आणि अधिकार असणं वेगळं. मी नकार दिला, आणि आठ महिन्यांत ती नोकरी सोडली. घरी बाबा निवृत्त झालेले, भावाचं इंजिनिअरिंग चालू, माझ्या लग्नाची बोलणी सुरू. मुलाकडची मंडळी विचारायची, "म्हणजे मुलगी डॉक्टर का?" आई गप्प बसायची. बाबा "डॉक्टरकीचंच आहे" म्हणायचे. एकदा चहाचे कप हातात असताना मीच सांगून टाकलं, "नाही, मी डॉक्टर नाही. त्यांच्यासोबत काम करते." ते स्थळ गेलं. पुढच्या स्थळातल्या मुलानं विचारलं, "म्हणजे काम काय असतं?" तो आत्ता तिकडे मागे, आपल्या मुलाला घेऊन उभा आहे.

२०१० पासून मी नाशकात आहे. इथं मला काम समजून घेणारे सर्जन मिळाले. माझ्या कामाची यादी त्यांनी पहिल्याच आठवड्यात लेखी दिली: काय करायचं, काय विचारून करायचं, काय कधीच करायचं नाही. तो कागद आजही माझ्या कपाटात आहे. आमच्या व्यवसायात माणसाची किंमत त्या तिसऱ्या यादीवरून ठरते, असं माझं मत झालंय.

एक प्रसंग सांगते, म्हणजे आमचा उपयोग कळेल. बायपास झालेला एक पेशंट, साठीचा, द्राक्षबागायतदार. रात्रीचे अकरा. छातीतल्या नळीतून संध्याकाळपासून थोडं थोडं रक्त येत होतं, ते एकदम थांबलं. नातेवाईक खूश, रक्त थांबलं! पण रक्त येणं थांबणं आणि रक्तस्राव थांबणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळीत गुठळी अडकली तर रक्त आतच, हृदयाभोवती साठतं आणि हृदयाला दाबतं. त्याचा रक्तदाब हळूहळू उतरत होता, नाडी वाढत होती, मानेच्या शिरेतला दाब चढत होता. हे तीन आकडे एकेकटे बघितले तर प्रत्येकाला दुसरं कारण सापडतं. मी त्या माणसाला सकाळपासून बघत होते, म्हणून तीनही एका ओळीत दिसले. मी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी तपासलं, आणि सर्जनसाहेबांना लगेच फोन गेला. वीस मिनिटांत ते आले, पेशंटला परत आत घेतलं, साठलेलं रक्त काढलं. ऑपरेशन त्यांनी केलं, जीव त्यांनी वाचवला. मी वेळेवर ओळखलं आणि थांबले नाही, एवढंच. पण त्या रात्री "एवढंच" किती लागतं, हे मला कळलं.

आता ज्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचंय ते सांगते. आमच्याकडे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातून तरुण मुलं-मुली येतात. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, गेलं बरं होऊन, असं घरच्यांना वाटतं. पण त्या संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप खराब केलेली असते. विसाव्या-पंचविसाव्या वर्षी दम लागायला लागतो. काहींना झडप बदलावी लागते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन होतं, माणूस चालत घरी जातो, आणि सगळे समजतात, संपलं.

संपत नाही. धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर. ती कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. त्यासाठी रक्ताची ठरावीक तपासणी करत राहायची आणि त्याप्रमाणे डोस बदलायचा. आता सुरगाण्याच्या पाड्यावरच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला हे कसं सांगायचं? "नियमित फॉलोअप ठेवा" म्हटल्यानं होत नाही. मी तिला विचारते, तुझ्याकडून बस किती वाजता निघते, बाजार कुठल्या वारी, घरात लिहिता-वाचता कुणाला येतं. मग बाजाराच्या दिवसाला तपासणी जोडून देते. पालेभाजी बंद करू नकोस, पण एक आठवडा रोज आणि मग महिनाभर नाही, असं करू नकोस. अंग दुखलं म्हणून दुकानातून वेदनेची गोळी घेऊ नकोस. दात काढायच्या आधी सांग. आणि दिवस राहण्याआधी, म्हणजे आधीच, डॉक्टरांकडे ये, नंतर नाही. हे शेवटचं वाक्य मी सासूला आणि नवऱ्यालाही बसवून सांगते. ज्यांची झडप अजून वाचवता येईल त्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं असतं, वर्षानुवर्षं. ते का, हे नीट कळलं तरच माणूस एवढ्या लांबून येतो.

हे सगळं सांगायला माझ्या सर्जनसाहेबांकडे वेळ नसतो, कारण ते पुढच्या ऑपरेशनला उभे असतात. मला वेळ असतो, कारण तो माझ्या कामातच धरलेला आहे. कुणी मला विचारलं की तुमच्या व्यवसायानं काय वाढलं, तर मी शिरांची संख्या सांगणार नाही. हा वेळ सांगेन.

आपल्या आजोबांच्या पिढीतल्या अनेकांनी एल.सी.पी.एस. डॉक्टर बघितलेत. पदवी नाही, पण परवाना असलेले. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातल्या डॉक्टरांमध्ये निम्म्याहून जास्त असे परवानाधारक होते. १९४६च्या भोर समितीनं सांगितलं की देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा, आणि तो मार्ग बंद झाला. त्यामागचा विचार योग्यच होता. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर का? म्हणूनच आजही आमच्याविषयी डॉक्टरांच्या मनात शंका येते, की मागच्या दारानं कमी शिकलेले डॉक्टर येतायत का. ही शंका मला अपमानाची वाटत नाही. इंग्लंडमध्येही नेमका हाच वाद पेटला होता: असोसिएट म्हणजे कोण, पेशंटला ते स्पष्ट कळतं का, देखरेख किती असावी. उत्तर एकच आहे. नाव स्पष्ट, हद्द स्पष्ट, आणि नोंदणी. मला कुणी 'डॉक्टरबाई' म्हटलं की मी पेशंटला दर वेळी दुरुस्त करते. चौथ्यांदा म्हणाला तर चौथ्यांदा करते.

आपल्याकडे या दिशेनं एक पाऊल पडलंय. २०२१ला संसदेनं सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात व्यवसायांचे दहा गट आहेत: फिजिओथेरपी, आहारशास्त्र, प्रयोगशाळा, क्ष-किरण वगैरे; त्यांत फिजिशियन असोसिएटही आहेत. शिक्षणाचे किमान तास, राज्यांच्या परिषदा, नोंदवही, हे सगळं त्या कायद्यात आहे. माझ्या पगाराच्या कागदावर 'टेक्निशियन' लिहिणाऱ्यांकडे आता तरी रकाना नसल्याची सबब राहणार नाही.

आता पालक म्हणून तुमच्याशी बोलते. मुलाला नीटमध्ये गुण कमी पडले की घरात सुतक पाळू नका. पण "डॉक्टर नाही तर निदान हे" म्हणून माझ्या व्यवसायाकडेही पाठवू नका. ज्याला मनातून फक्त डॉक्टरच व्हायचंय तो इथं रोज झुरेल. ज्याला पेशंटजवळ राहायला आवडतं, आणि दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करण्यात कमीपणा वाटत नाही, त्यानं जरूर यावं.

आणि प्रवेश घेण्याआधी पाच गोष्टी विचारा. पदवी कोण देणार: मान्यताप्राप्त विद्यापीठ, की नुसती संस्था? रुग्णालय संस्थेचं स्वतःचं आहे का, आणि तिथं खाटा भरलेल्या असतात का? शेवटचं वर्ष खरोखर वॉर्डात असतं, की कागदावर? शिकवणारे कोण, त्यांत काम करणारे डॉक्टर किती? आणि मागच्या तीन वर्षांचे विद्यार्थी आज कुठे आहेत? पाचवा प्रश्न संस्थेला विचारू नका, त्या विद्यार्थ्यांनाच फोन करा. चकचकीत पत्रकात 'शंभर टक्के नोकरी' लिहिलेलं असेल तर दोनदा फोन करा.

परदेशाचं स्वप्न असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आपली ही पदवी अमेरिकेत तशीच चालत नाही. तिथं आधी पदवी, पेशंटसोबत काम केल्याचा अनुभव, मग तिथल्याच मान्यताप्राप्त संस्थेत साधारण सव्वादोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण, मग राष्ट्रीय परीक्षा आणि त्या राज्याचा परवाना. त्यानंतरही दर दोन वर्षांनी शंभर तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. तिकडे हा व्यवसाय मोठा आहे, मानाचा आहे. पण इथून उडी मारून तिथं पोचता येत नाही. कुणी एजंट तसं सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

शेवटी शाळेसाठी एक विनंती. सकाळपासून आपण शाळेला काय द्यायचं यावर चर्चा करतोय. बाकं, पाण्याचं यंत्र, संगणक. सगळं द्यायलाच हवं, माझा वाटा मी दिलाय. पण दहावीच्या मुलांना आपणही मिळालो पाहिजे. आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, तशाच परिचारिका आहेत, औषधांचं दुकान आहे, लॅब चालवणारा आहे, फिजिओथेरपिस्ट आहे. याशिवाय वर्कशॉपमधले, बागायतीतले, न्यायालयातले वेगळेच. दर वर्षी सहामाही परीक्षेनंतर एक शनिवार ठरवू. पाच जणांनी यायचं, प्रत्येकानं वीस मिनिटं, आणि त्यात कौतुक कमी, हिशोब जास्त सांगायचा: शिक्षणाला किती वर्षं लागली, खर्च किती आला, पहिला पगार किती होता, आणि कुठं कुठं अडकलो. १९९९ला मला हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. त्यात कुणाचा दोष नाही, तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. आता आपल्याला माहीत आहे. मुख्याध्यापक सरांनी मघाशी मान डोलावली आहे, तेव्हा पहिला शनिवार माझा. पुढच्या चार जणांनी बाहेर पडण्याआधी माझ्याकडे नावं द्या. वही आणलेली आहे.

सर, बाई, तुम्ही आम्हाला घडवलंत असं सगळेच म्हणतात, म्हणून मी वेगळं सांगते. तुम्ही तपासलेल्या वह्यांवरच्या लाल शेऱ्यांमुळे आज नाशकातले काही कागद नीट लिहिले जातात, आणि त्या कागदांवर माणसांचं बरं होणं अवलंबून असतं.

संयोजक घड्याळ दाखवतायत. शांतपणे ऐकलंत, आणि माझ्या मोजणीप्रमाणे फक्त तिघं झोपले, त्याबद्दल मनापासून आभार.